मुलाविरुद्ध साक्ष

माझा मुलगा नोकरीसाठी अमरावतीला होता. तिथे तो एका मुलीबरोबर भाड्याच्या खोलीत राहायचा. तिच्या घरचे लोक शेवंती-झेंडू लावत आणि बाजारात हार विकत. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. आमच्या गावी, अकोटला, कुणी विचारलं तर आम्ही सांगायचो, मित्रांसोबत राहतो. त्यांना मुलगी झाली, तेव्हा मी एकटाच एसटीनं जाऊन बाळ पाहून आलो. बाळासाठी घेतलेलं झबलं बायकोपासून लपवून नेलं.

मुलगी चालायला लागली न लागली तोच मुलगा खोली सोडून घरी आला. आम्ही त्याच्यासाठी स्थळं पाहू लागलो, आणि कोर्टाची नोटीस आली. मुलीचा बाप हाच आहे हे कोर्टानं ठरवावं आणि जन्मदाखल्यावर त्याचं नाव लागावं, एवढंच तिच्या आईचं मागणं होतं. मुलानं उत्तर दिलं, मी हिच्याबरोबर कधी राहिलोच नाही, पोर माझी नाही.

आमच्या वकिलानं मला साक्षीदार केलं. त्या काळात मुलगा अकोटलाच राहून शेती पाहत होता, असं मी सांगायचं होतं. बायको म्हणाली, "पोटच्या पोरासाठी एवढं बोलाले तुमचं काय जाते?" मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. घरात सगळ्यांनी ते हो धरलं.

कोर्टात मुलीची आई समोरच्या बाकावर बसली होती, मुलगी मांडीवर झोपलेली. वकिलानं मला विचारलं, मुलगा कुठे राहत होता?

"अमरावतीले," मी म्हणालो. "हिच्यासंगच. पोरगी झाली तवा मी सोता पाहून आलो."

नीट आठवून सांगा, असं वकील दोनदा म्हणाला.

"आठवूनच सांगून राहिलो."

मुलानं मान वर केली नाही. बोललो ते खरंच होतं, तरी भरल्या कोर्टात स्वतःच्या रक्ताला खोटं पाडताना अंगावरचं धोतर सुटल्यासारखं वाटलं. बाहेर आल्यावर ती माझ्या पाया पडली. ते तर मुळीच सोसवेना. "नको पोरी," मी म्हणालो, "पाया पडावं असं आमच्या घरानं तुह्यासाठी काय केलं?"

पुढे कोर्टानं तपासणीसाठी मुलाचं आणि पोरीचं रक्त घ्यायला लावलं. मुलगी त्याचीच निघाली. निकाल तिच्या बाजूनं लागला आणि दाखल्यावर नाव चढलं. मुलगा अकोल्याला राहायला गेला. आईला फोन करतो; मी उचलला तर काही न बोलता ठेवून देतो. बायको मला जेवायला वाढते, पण माझ्यासोबत बसत नाही.

नात यंदा शाळेत जाते. मी अधूनमधून अमरावतीला जाऊन येतो. मागच्या खेपेला तिनं विचारलं, "आबा, माहे बाबा काहून येत नाईत?"

तिची आई हार ओवत होती. तिचा हात थांबला. कामात असतात, असं सांगणं सोपं होतं. माझ्या तोंडाशी आलंही.

"त्याले तुह्यासमोर यायची लाज वाटते," मी म्हणालो.

"काहून?"

मी तिला जवळ ओढलं.