तिला गणित येत होतं

दहावीचा निकाल लागला त्या दुपारी मी मोबाईलवर तिचा परीक्षेचा नंबर पुन्हा पुन्हा टाकून पाहिला. गणित, विज्ञान, इंग्रजी, तिन्हीत नापास. माझं डोकंच सटकलं. जिची गणितं मी फळ्यावर उतरवून बाकीच्यांना दाखवायची, ती नापास? बोर्डानेच घोळ घातलाय, असं मी नवऱ्याला ठासून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तिच्या तांड्यावर निघाले.

बोरी अरबकडच्या एका शाळेत मी गणित शिकवते. आजूबाजूच्या तांड्यांवरची बरीच मुलं येतात, घरी बंजाऱ्यांची गोरबोली बोलणारी, मराठी शाळेतच पक्की होणारी. ती त्यातलीच. माझा प्रश्न संपायच्या आत हिचा हात वर. थांब गं बाई, बाकीच्यांनाही जरा विचार करू दे, असं मी तिला चिडवायची. मग ती तोंडावर ओढणी धरून हसायची.

दिवाळीत तिची सगाई झाली. उमरखेडकडचं स्थळ, मुलगा गॅरेजात कामाला. मी बापाला शाळेच्या फाटकातच गाठलं आणि खडसावलं, एवढ्याशा पोरीची सगाई करताना काही वाटलं नाही का? तो ओशाळून हसला. लग्न अठरा पुरी झाल्यावरच, आत्ता नुसता गूळ खाल्ला, म्हणाला. तांड्याच्या नाईकासमोर दोन्हीकडच्यांनी गूळ खाल्ला की बोलणं पक्कं, मग ते कोणी मोडत नाही. मुलाकडच्यांना दहावी पास पोरगी हवी होती, म्हणून आता तिच्या शाळेला कोणी हात लावणार नाही, हेही त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं.

सगाईत मुलाने मोबाईल दिला. घरच्यांना वाटलं, बरं झालं, पोरगी त्यावर अभ्यास करेल. कसला अभ्यास! पुस्तक उघडलं की त्याचा फोन. वर्गात कोण कोण आहे, कोणाशी बोलली, हसली कायले. उचलला नाही तर फोन थेट तिच्या आईला. वर्गात तिचा हात वर येईनासा झाला. त्याच सुमारास यवतमाळला आमचं प्रशिक्षण झालं. विद्यार्थ्यांच्या प्रगतीवर परिणाम करणारे सामाजिक आणि भावनिक घटक, यावर एक साहेब बराच वेळ बोलले. मला उठून विचारावंसं वाटलं, साहेब, या फोनचं काय करू तेवढं सांगा. पण जेवणाची सुट्टी झाली आणि सगळे उठले.

तरी पोरीने जिद्द सोडली नव्हती. परीक्षेआधी तिने मला सगळी गणितं सोडवून दाखवली होती. म्हणूनच तर मी तणतणत तांड्यावर पोचले. फेरतपासणीला टाकू, मी बघते कसे मार्क देत नाहीत ते, असं म्हटल्यावर तिने मला घरामागे नेलं.

"बोर्डाची चूक नाही म्याडम. मी लिहलंच नाही."

"काहून?"

"त्याईले दहावी पास पोरगी पायजे होती. नापास झाली तं ते नाही म्हणतीन. मंग मी जुलैत पेपर देईन अन् अकरावीले यवतमाळले जाईन."

एकदोन विषय राहिले तरी अकरावीत घेतात, हे तिला ठाऊक होतं. तेवढ्याने सगाई मोडणार नाही, म्हणून तिने तीन सोडले होते. मला हसावं की रडावं कळेना. राग तर असा आला होता की तिला दोन ठेवून द्याव्यात आणि लगेच पोटाशी धरावं.

पण मुलाकडच्यांचा फोन आदल्या रात्रीच येऊन गेला होता. नापास तर नापास, आम्हाला कुठे तिला नोकरीला लावायचंय, असं ते म्हणाले होते. नाईकासमोर खाल्लेला गूळ मोडून नाव कोण घालवून घेणार? सगळा विचार करणाऱ्या पोरीने नेमका एवढाच केला नव्हता.

जुलैची परीक्षा तरी होती. मी बापाकडे निघाले तसा तिने माझा हात घट्ट धरला. मुद्दाम केलं हे सांगू नका, म्हणाली. ते फुटलं असतं तर तांड्यात बापाची मान खाली गेली असती आणि तिला कोणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. मी शब्द दिला.

बापाने खाट टाकली, चहा सांगितला. मी खूप भांडले. आवाज चढवला, शेवटी त्याच्यापुढे हात जोडले. एकदा परीक्षेला बसवा, पोरगी हुशार आहे, हेच परत परत बोलत राहिले. पण नापास पोरगी हुशार कशी, हे पटवायला माझ्याकडे एकच गोष्ट होती आणि तीच बोलायची नव्हती. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने तिला जवळ बोलावलं आणि डोक्यावर हात ठेवला.

"तुले जमत नाही तं राहू दे, बेटा. आता तुले अभ्यासाचा तरास कोणी देणार नाही. म्याडम बी नाही."

ती "हो, बा" म्हणाली आणि माझा रिकामा कप उचलून आत गेली.