मेव्हण्याची रायफल मी निवडली

बंदुकीच्या दुकानात माझा अंगठा रायफलीत सापडला होता, ही गोष्ट आमच्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांना पाठ आहे. दुकानदार नको नको म्हणत असताना मी गोळी चढवायचा खटका मागे ओढला, आत काय आहे ते बघायला अंगठा घातला आणि — खटका सोडला. रायफल रिकामी होती, तरी घायाळ मीच. नख काळं पडून पुढं गळून गेलं. लग्न असो, बारसं असो, चार माणसं बसली की कुणीतरी म्हणतंच, "भाऊ, ते अंगठ्याचं सांगा की." मी सांगतो. उठून, हातवारे करून सांगतो. माझा पोरगा नेमक्या जागी "खाड्!" करतो. लोक पोट धरून हसतात.

पण त्या दुकानात आम्ही गेलोच कशाला होतो — हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. हसणारा माणूस पुढचं विचारत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. नाहीतर इतकी वर्षं मी लोकांना हसवत कशाला बसलो असतो?

रायफल माझी नव्हती. माझं सोनपेठला बी-बियाण्यांचं दुकान; मला लागतो तो फवारणीचा पंप. रायफल प्रल्हादची. प्रल्हाद म्हणजे माझ्या बायकोचा, सुमनचा, धाकटा भाऊ. सतरा वर्षं फौजेत काढून तो गावी आला. गाव सोनपेठपासून जवळच. घरी त्याची बायको, पोरगी आणि म्हातारी आई — माझी सासू. तिची नजर तोवर गेलेली. तो आला त्या दिवशी तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं आणि म्हणाली, "आता कुठं जायचं न्हाई रे बाबा." तो म्हणाला, "न्हाई जात, माय."

एवढंच त्याला हवं होतं. बघा, माणसानं किती थोडं मागावं? सोनपेठच्या एका बँकेला दारावर पहारेकरी पाहिजे होता. अशा जागी फौजेतून आलेला माणूस घेतात, पण बंदूक त्याची स्वतःची लागते, लायसन्सची. म्हणजे प्रश्न एकच उरला — बंदूक कोणती घ्यायची?

त्याच्या मनात साधी बारा बोर होती. दोन नळ्यांची, जुन्या पाटलांच्या घरी खुंटीला असायची तसली. आणि माझ्या मनात? माझ्या मनात दुसरीच बसली होती. फौजेच्या रायफलीवरून बेतलेली, पण सामान्य माणसाला लायसन्सवर मिळणारी; घोडा दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप चढते. गोळ्यांची झडी लागत नाही एवढाच फरक, बाकी दिसायला हुबेहूब सीमेवरची. मी मोबाइलवर तिचा फोटो ठेवला होता. बायकोचा नव्हता, तिचा होता. वयाच्या विशीत मी फौजेच्या भरतीत पळायला गेलो होतो आणि मैदानाच्या अर्ध्यातच फतकल मारून बसलो होतो, हे इथं सांगून टाकतो. त्याचा याच्याशी संबंध नाही असं म्हणायला मला आवडलं असतं.

आठवडी बाजाराच्या दिवशी हॉटेलच्या बाकड्यावर मी तो फोटो सगळ्यांना दाखवला. "आमच्या मेव्हण्याची येणारे." येणारे! त्या बिचाऱ्याला पत्ताही नव्हता.

प्रल्हादला मी म्हणालो, ही घे. तो फोटोकडं बघून नुसता हसला. "दाजी, हे धूड लय वर्षं वागवलं की खांद्यावर. आता बघू वाटंना. अन् बँकेत चालती का न्हाई, कुणाला ठाव? तुमचं परभणीला जाणं हाय तर तेवढं इचारून या."

मी गेलो. परभणीत एक रिटायर सुभेदार असे पहारेकरी लावून द्यायचं काम करायचे. त्यांना विचारलं. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि साफ सांगितलं — बँकेला बारा बोरच लागते. रायफलची गोळी माणसाच्या पार जाऊन मागच्या भिंतीत शिरते. आत गर्दी, बायाबापड्या. रायफलवाला आम्ही घेतच नाही. मी मान डोलवली. चहा पिऊन एसटीत बसलो.

गंगाखेडला गाडी थांबली तोवर त्यांचं बोलणं माझ्या डोक्यात जसंच्या तसं होतं. मला आठवतं, मी ते एकदा मनात म्हणूनही बघितलं. मग बाकड्यावरची तोंडं आठवली. कुणीतरी म्हणणारच — काय भाऊ, कुठाय तुमची मिलट्री? त्याला काय सांगायचं? सोनपेठला उतरलो तेव्हा माझं उत्तर तयार होतं.

"चालतंय म्हणले," मी प्रल्हादला सांगितलं. "उलट रायफलवाल्याला आधी घेतात."

ते दुसरं वाक्य बघा. पहिल्यावर भागत होतं. दुसरं कुणी मागितलं होतं? ते मी हौसेनं जोडलं, कापडवाला वर चार बोटं जास्ती देतो ना, तसं.

त्यानं तो फोटो परत एकदा बघितला. मग म्हणाला, "तुमी इचारून आले म्हणल्यावर झालंच की." माझ्यावर कुणी इतका सहज भरवसा टाकावा, अशी माझी लायकी तेव्हाही नव्हती.

लायसन्सवर रायफल चढली. दुकान झालं, अंगठा झाला, हसणं झालं. खंडेनवमीला तिला झेंडूचा हार घातला आणि ती मांडीवर घेऊन मी फोटो काढून घेतले. प्रल्हाद बाजूला उभा होता; फोटोत त्याचा नुसता कोपर आलाय.

आणि दिवाळीनंतर बँकेनं रायफल बघून त्याला दारातून परत पाठवलं. तो माझ्या दुकानात आला, बियाण्यांच्या पोत्यावर बसला. मी काय करायला पाहिजे होतं? तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. मी म्हणालो, "बँकवाल्यांचं काय खरं असतंय का? नियम बदलले असतील." त्याला ते पटलं. त्याला माझं सगळंच पटायचं.

लायसन्स बदलून बारा बोर घ्यायची तर सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं, आणि ती जागा तोवर भरली. शेवटी रायफल पोलीस ठाण्यात जमा करून, बायको-पोरीला मायजवळ ठेवून तो एकटाच पुण्याला गेला. एका सोसायटीच्या फाटकावर उभा राहतो. हातात काठी.

सासूकडं मग मीच जायचो, दर बाजाराला. औषध, बिस्किटं घेऊन. माझ्या पावलांचा आवाज ओळखायची. "जावईबापू, पल्लादचं काय झालं वो बँकेचं?" मी म्हणायचो, "चाललंय. लोक लय चेंगट हायेत तिथले." दर वेळी तेच. जायचो मी मायेनं की भीतीनं — खरं सांगू? मला आजही कळत नाही.

ती गेली तेव्हा प्रल्हाद मातीला पोचला नाही. राख सावडायला आला. सगळं उरकल्यावर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "दाजी, तुमी होते म्हणून मायला आधार होता." मी त्याचा हात थोपटला. थोपटला! एवढं मला जमलं.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. रायफल विकून टाकावी म्हणतो. "तुमीच निवडली होती, तुमीच सांगा, इकू का?" मी म्हणालो, वीक. बाकीचं त्याला अजून सांगितलेलं नाही.

सुमनला सांगितलं. ती दुपारी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. सगळं सांगितलं, एसटीसकट. तिनं हात थांबवले नाहीत. दाणे भांड्यात पडत राहिले. मला वाटलं, रडेल. शिव्या देईल. ती बोलली, ते माझ्याकडं न बघताच.

"माय जायच्या आधल्या दिशी बोलली होती. तुमी भाईर होते. म्हणली, ज्यानं माझं लेकरू घरी ऱ्हाऊ दिलं न्हाई, त्याचं लेकरू त्याच्या दारात कधी ऱ्हाऊ नये. मला लय भ्या वाटलं. बँकवाल्यांच्या पोरांनी काय पाप केलं म्हणलं? तवापासून रोज देवापुढं हात जोडायलेय मी — माय रागात बोलली, देवा, त्यांच्या लेकराला लागू देऊ नको."

मग तिनं हातातली शेंग खाली ठेवली.

"आपल्याच लेकरासाठी मागायले होते की वो मी."