मूळ देश: ओमान

मस्कतजवळच्या रुसैलमध्ये ज्या वर्कशॉपमध्ये मी दोन वर्षं नोकरी केली, तिथे प्रत्येक कामासोबत एक पिवळं जॉब कार्ड फिरायचं. ज्याने मशीनवर काम केलं त्यानेच ते भरायचं: काय केलं, किती वेळ लागला, काय अडचण आली, आणि खाली सही. इंग्रजीची सक्ती नव्हती. ज्याला जी लिपी येईल त्या लिपीत तो लिही. मराठी आणि हिंदी कार्डं माझ्या टेबलावर येत. मी ती इंग्रजीत टाइप करून परदेशी जाणाऱ्या मालाच्या फाइलला जोडायचे. कागदांवर मूळ देश भरणं, वजन भरणं, हेही माझंच काम.

माझं मराठी मात्र शाळेतलं नाही. मी मस्कतच्या वादी कबीर भागातल्या फ्लॅटमध्ये वाढले, वर्गात आम्ही सगळे इंग्रजीत बोलायचो. बाबा इंजिनियर. सुट्टीवरून परतताना त्यांच्या बॅगेत लोणच्याच्या बरण्यांच्या जागी पत्रकं असत. संविधानावरची, जातीवरची, कामगारांच्या हक्कांवरची, पातळ कागदाची, शाई हाताला लागणारी. मी वाचायला शिकले ती त्यांवर. लहानपणी फोनवर मावशीला मी विचारलं होतं, ‘आपल्या प्रकृतीबाबत भूमिका स्पष्ट करावी.’ मावशी अजून ते लग्नकार्यात सांगते. हसोत बापडे. मला ती भाषा अजूनही आवडते, कारण तिच्यात कुणापुढे मान खाली घालून बोलायची सोयच नाही.

वर्कशॉपमध्ये नावं कोरण्याच्या मशीनवर मालवणकडचे एक काका होते. गेली कित्येक वर्षं त्याच एका मशीनवर. त्यांची कार्डं वाचायला मला मजा यायची. मापं झाली की खाली ते एखादी ओळ जास्तीची टाकत. ‘आज एसी बंद, मशीन बरां, मी वायट.’ ‘साहेब दोनदा इलो, दोनदा कायच बोललो नाय.’ या ओळी मी कधी टाइप केल्या नाहीत. त्या फाइलसाठी नव्हत्या.

एका रविवारी त्यांचं एक कार्ड आलं. माल अमेरिकेला जाणारा, नाव ‘फिल्टर किट’. लांब नळ्या आणि आत बसणाऱ्या छोट्या वाट्या. मापांच्या खाली काकांनी लिहिलं होतं: ‘सगळा रुसैलात बनवला. वर अमेरिकेतल्या राज्याचां नाव कोरूक सांगितलां, तिकडेच बनलां म्हणान. साहेबाचो हुकूम. मी कोरलंय.’ आणि सही.

मी कार्ड घेऊन मॅनेजर साहेबांकडे गेले. साहेब पुण्याचे, वरवर शांत. मी विचारलं, नळी इथली आणि नाव तिथलं, हे कसं? त्यांनी गिऱ्हाइकाची मेल माझ्या स्क्रीनवर पाठवली आणि म्हणाले, वाचा, तुमच्या आवडीचा विषय आहे.

खरंच होता. ‘फिल्टर किट’ म्हणजे बंदुकीच्या सायलेन्सरचे भाग, हे मेलमध्येच होतं, आणि तिला एक पत्रक जोडलेलं होतं. अमेरिकेत बंदुकीचा आवाज दाबणारा सायलेन्सर बाळगायचा तर केंद्राचा कायदा म्हणतो: नोंदणी करा, परवानगी घ्या. ज्याचं नाव कोरायचं होतं त्या राज्याने उलटा कायदा केला होता: सायलेन्सर आमच्याच हद्दीत बनला असेल, आमच्याच हद्दीत राहणार असेल आणि त्यावर आमच्या राज्याचं नाव कोरलेलं असेल, तर केंद्राने त्यात पडू नये. पत्रक त्या कायद्याची बाजू मांडत होतं. दूरच्या राजधानीला आमच्या घरात डोकावण्याचा हक्क कुणी दिला, असा त्याचा सूर. मी ते दोनदा वाचलं आणि कबूल करते, रक्त तापलं. बंदुकीचं मला प्रेम नाही. पण लहानाने मोठ्याला ‘नाही’ म्हणण्याचा तो ठेका माझ्या ओळखीचा होता. मी त्याच ठेक्यावर वाढलेय.

मग माझी नजर काकांच्या कार्डावर गेली. राज्याच्या हद्दीत बनलेला. नळी तर इथे, काकांच्या मशीनच्या बाजूला बनली होती. म्हणजे हा गिऱ्हाईक आपल्या राज्याचा तो कायदासुद्धा पाळत नव्हता. पत्रक स्वातंत्र्याचं, आणि आत माल खोटा. मला सगळ्यात जास्त राग त्याचा आला. माझ्या घरात पत्रकावर खोटं छापणं हे चोरीपेक्षा वाईट मानतात.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी आधी भारतातलं समजावलं: काही विषयांवर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो, आणि दोन्ही एकमेकांवर आदळले तर सहसा केंद्राचा टिकतो. तिकडचं कोर्ट काय म्हणेल ते त्यांना माहीत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, कोरणाऱ्याचं नाव कुठे लिहिलंय? मी म्हटलं, कार्डावर. बाबा म्हणाले, ‘दोन कायदे भांडतात तेव्हा कायद्याला कुणी पकडत नाही. ज्याची सही असते त्याला पकडतात. आणि इथे पोलिसांना न विचारता शस्त्राचा भाग बनवणं काय असतं, ते तुझ्या साहेबांना ठाऊक नसेल असं नाही.’

दुसऱ्या दिवशी मी काकांचं कार्ड जसंच्या तसं टाइप केलं. ती खालची ओळही. मूळ देशाच्या रकान्यात लिहिलं, ओमान. मालाच्या रकान्यात ‘फिल्टर किट’च्या पुढे लिहिलं, बंदुकीच्या सायलेन्सरचे भाग. आणि फाइल नेहमीप्रमाणे अर्बाबांच्या, म्हणजे मालकांच्या सहीसाठी वर गेली. मला वाटलं, आता काका सुटले. ते हुकमाचे ताबेदार होते हे त्यांच्याच हस्ताक्षरात लिहिलेलं होतं, आणि मी ते जगाला वाचता येईल असं करून दिलं होतं. काकांना मात्र मी विचारलं नव्हतं. ते सुचलंसुद्धा नाही.

दुपारी साहेबांनी बोलावलं. काका आधीच तिथे उभे होते, टोपी हातात.

साहेब म्हणाले, ‘या वकीलबाई. बसा.’ मग शांतपणे सांगितलं. फाइलची प्रत त्यांच्याकडे आली होती; मूळ फाइल अर्बाबांच्या सेक्रेटरीकडे अडकलीय, अर्बाबांनी अजून उघडलेली नाही. कोरण्याचा हुकूम स्वतः दिल्याचं साहेबांना आठवत नाही. कोरलं कुणी, तर सही आहे त्याने. प्रकरण वाढलं तर काकांचा व्हिसा या आठवड्यात रद्द होईल. नाहीतर मी एवढंच लिहून द्यायचं की मराठी कार्डाच्या भाषांतरात माझी चूक झाली. दुसरा कागद जाईल, काका मशीनवर राहतील.

‘एक ओळ लिहायची आहे,’ ते म्हणाले. ‘तुम्हाला तर पानंच्या पानं लिहायची सवय.’

मी काकांना बाहेर पॅसेजमध्ये नेलं आणि विचारलं, मी काय करू?

‘आता इचारतंस?’ काका म्हणाले. ‘तां तुका वाचूक लिवलंलंय गो बाय. साहेबाक दाखवूक नाय. मराठीत लिवलंलंय तां कित्याक, तर कोण वाचूचो नाय म्हणान.’

मग ते म्हणाले, गावचं घर अर्धं बांधून झालंय, इथली तीन वर्षं अजून हवीत. ‘लिव, चूक झाली म्हणान. तुझां काय जाता?’

माझं काय जात होतं ते मला नीट माहीत होतं, आणि त्यांचं काय जात होतं तेही. तरीही ती ओळ माझ्याने लिहवेना. चूक झाली असं लिहिलं असतं तर नळ्या गेल्या असत्या, त्यांच्या कागदांत काकांची सही गेली असती, आणि उद्या कुठल्याही देशात ती पेटी उघडली तर त्या सहीमागे उभं राहायला साहेब नसते. मी काकांना हे सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. मी टेबलावर येऊन लिहिलं: ‘भाषांतर बरोबर आहे. ही ओळ कामगाराने फाइलसाठी लिहिली नव्हती. त्याला न विचारता मी ती जोडली, ही जबाबदारी माझी. कोरण्याची सूचना खालील मेलमध्ये आहे.’ मेल जोडली. साहेबांनी गिऱ्हाइकाला लिहिलेला होकार तिच्यातच खाली होता. साहेबांनी स्वतःच ती मला पाठवली होती. सही करून, साहेबांच्या टेबलावर न थांबता, मी कागद वर नेला.

अर्बाबांनी कागद सावकाश वाचला. वयस्कर माणूस, हिंदी मोडकी पण पुरेशी. नमुन्याची नळी त्यांच्या समोर होती.

‘ये ओमान में बना?’

‘हां अर्बाब.’

‘फिर दूसरे का नाम क्यों?’ ते नळीवरचं नाव अंगठ्याने पुसल्यासारखं करत राहिले. मग ती काय आहे ते मी सांगितलं. त्यांनी हात काढून घेतला, बोटाने ती टेबलाच्या कडेला सरकवली आणि म्हणाले, ‘खलास.’ ऑर्डर त्याच दिवशी थांबली आणि त्यांनी स्वतः पोलिसांना फोन केला. पोलिसांनी माल ताब्यात घेतला, साहेबांचा जबाब झाला, काकांचाही झाला. मेलमुळे काकांचा व्हिसा वाचला.

साहेब राहिले. असे साहेब राहतातच. काकांना कोरण्याच्या मशीनवरून पॅकिंगला लावलं. माझा करार संपला तो पुन्हा झाला नाही. कारण दिलं, शिस्त. शेवटच्या महिन्यात काकांची कार्डं माझ्याकडे येत राहिली. पेट्या किती, वेळ किती, सही. खाली काही नाही. मी एकदा पॅकिंगमध्ये जाऊन त्यांना म्हटलं, काका, विचारायला हवं होतं. त्यांनी टेपचा रोल फिरवत मान हलवली, ‘व्हय’ म्हणाले, आणि पुढची पेटी ओढली. नोकरी गेल्याचं मला वाईट वाटलं नाही. कार्डावरच्या त्या कोऱ्या जागेचं वाटलं, अजून वाटतं. पण ‘चूक झाली’ ही ओळ मी लिहिली नाही, याचं आजही वाईट वाटत नाही.

गेल्या महिन्यात मस्कतच्याच बौशर भागातल्या एका ऑफिसात अर्ज भरला. आधीची नोकरी का सोडली, यासाठी दोन ओळींची जागा होती. समोरची मुलगी मदत करायला म्हणून म्हणाली, सगळे ‘वैयक्तिक कारण’ लिहितात. मी तिच्याकडून आणखी एक कागद मागून घेतला, काकांची ओळख पटेल असं काही न लिहिता सगळं लिहिलं, आणि अर्जाला टाचणीने जोडला.