कागद वर, बाण खाली

माझे बाबा अंबरनाथला, मोरिवलीच्या बाजूच्या एका कारखान्यात टायपिस्ट होते. सगळी उमर टाइपरायटरवर गेली. नव्वदनंतर कधीतरी ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि साहेबांनी सांगून टाकलं, महिन्याभरात शिका, टेस्ट होईल. नाही जमलं तर गेटवर रजिस्टर घेऊन बसायचं.

मी तेव्हा उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये, एका सिंधी शेठच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. दर रविवारी बेलवलीच्या घरून बाबांना सोबत न्यायचे. त्यांच्या टायपिंगच्या स्पीडचं काय विचारता, क्लासमधल्या पोरी बघत राहायच्या! पण गाडी अडायची ती बाणांच्या चार बटणांवर. पुढच्या शब्दावर जायचं तर बाबा डावा बाण दाबायचे. खालच्या ओळीवर जायचं तर वरचा. दर वेळी उलटं.

"अहो बाबा, उजवीकडे जायचंय ना? मग उजवा दाबा की!"

"अगं, पुढे जायचं तर कागद डावीकडे सरकतो. खालची ओळ हवी तर कागद वर घ्यावा लागतो."

"इथे कागद नाही हलत. ती चमकणारी रेघ हलते."

"आणि हे ठरवलं कोणी?"

काय सांगणार, कपाळ! तिसऱ्या रविवारी माझं डोकंच फिरलं. सगळ्या पोरींसमोर ओरडले, "लहान पोरांना कळतं, तुम्हाला एवढंही कळत नाही?" शेठ आतून म्हणाला, "छोड ना बेटी, बुजुर्ग आहेत." बाबा पुढच्या रविवारी आलेच नाहीत, आणि मीही चला म्हटलं नाही. लाज वाटते सांगायला, पण मला सुटल्यासारखं झालं होतं.

आज विचाराल तर त्यांचं काहीएक चुकत नव्हतं. कागद हलवा नाहीतर रेघ हलवा, दोन्ही बरोबरच. कुणीतरी कुठेतरी बसून एक ठरवून टाकलं, बाबांच्या बोटांना न विचारता. मला अजून राग येतो त्याचा.

टेस्टला साहेबांनी तयार पत्र उघडून दिलं. तिसऱ्या परिच्छेदातला एक शब्द बदलायचा, बस. रेघ पहिल्याच अक्षरावर होती. बाबांनी वरचा बाण दाबला. मग डावा. रेघ जाणार कुठे? मशीन नुसतं बीप बीप करत राहिलं आणि सगळं ऑफिस माना वळवून बघत राहिलं. हे त्यांनी आईला सांगितलं, मला नाही.

त्याच आठवड्यात साहेबांनी त्यांना विचारलं, "तुमची मुलगी कॉम्प्युटर शिकवते ना? तुमच्या जागेवर येईल का?" बाबा हो म्हणून आले. त्या खुर्चीवर घरचंच कुणी बसलेलं बरं, एवढंच बोलले. मी नकार द्यायला हवा होता. दिला नाही.

पहिल्या दिवशी साहेबांनी टाइप करायला दिलेलं पहिलंच पत्र बाबांच्या गेटवरच्या बदलीचं होतं. शिपाई दिसेना, म्हणून गेटवर द्यायलाही मीच गेले. बाबा सकाळपासून तिथेच बसले होते. त्यांनी उभं राहून पत्र शेवटपर्यंत वाचलं, ऑफिस कॉपीवर सही केली आणि ती माझ्या हातात देताना म्हणाले, "मार्जिन छान सोडलंयस."