सेंगा कोर्स सोडत नाही

आमच्या इमारतीत सेंगा रेनीइतकी हट्टी बाई दुसरी नाही. हे मी सांगतेय, थेल्मा, तिच्या समोरच्या दारातली, माझ्या स्वतःच्या हट्टाला कंटाळून दोन नवरे पळालेत. सेंगाने अर्धं आयुष्य इथे स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकात बस चालवली. चाळिशी उलटल्यावर एका सकाळी माझ्या सलूनमध्ये केस कापायला बसली आणि म्हणाली, "थेल्मा, मी गणिताची मास्तरीण होणार."

"अगं, तुला चष्म्याशिवाय पुढचा स्टॉप दिसत नाही!"

"फळा जवळ असतो," ती म्हणाली. "नीट काप, मागून जास्त नको."

आणि पठ्ठीने खरंच ग्लासगोला युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळवला. रेनींच्या घरात शाळेपलीकडे कोणी गेलेलं नव्हतं. तिची आई, इना मावशी, खाटकाच्या दुकानात सॉसेज घ्यायला गेली तरी आधी मुलीचा कोर्स सांगायची आणि मग सॉसेज मागायची. रांगेतले लोक वैतागायचे. वैतागू देत.

दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच थंडीत मावशी बर्फावर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. दुसरं कोण होतं बघायला? सेंगाने युनिव्हर्सिटीची रीतसर परवानगी काढून वर्षभराची रजा घेतली आणि घरी बसली. आजारी माणसाशी गोड बोलणं हा काही तिचा स्वभाव नाही. माझ्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं, "ऊठ आई! खिडकीपर्यंत चल. राणीसाहेब आता पलंगावरूनच राज्य करणार का?" मावशीही शिव्या देत देत खिडकीपर्यंत जायची. मग दारापर्यंत. मग जिना. वसंत ऋतू लागेपर्यंत मावशी शनिवारी क्लबात जाऊन वॉल्ट्झ नाचायला लागली होती, तेही तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान पुरुषाबरोबर.

खरं संकट इथेच सुरू झालं, बघा. आई बरी झाली, म्हणून आईला सांभाळण्याचे सरकारकडून मिळणारे पैसे बंद. रजेवर आहे, म्हणून विद्यार्थ्यांचं कर्जही बंद. युनिव्हर्सिटी म्हणाली, मधेच वर्गात घेता येणार नाही, सप्टेंबरात या. बस डेपो माणसं कमी करत होता. सेंगा सुपरमार्केटात गेली, वृद्धाश्रमात गेली, चिप्सच्या दुकानातसुद्धा गेली. पण ही बाई पहिल्याच वाक्यात सांगायची, "सप्टेंबरात मी जाणार हं." कोण ठेवून घेणार?

शेवटी नाक मुठीत धरून ती बेकार भत्त्याच्या ऑफिसात गेली. काउंटरवरच्या तरुणाने चेहऱ्यावर छान हसू ठेवून सांगितलं, "मिस रेनी, तुम्ही विद्यार्थिनी आहात. विद्यार्थ्यांना सुट्टीत भत्ता मिळत नाही."

"ही सुट्टी नाही हो. मला वर्गात घेतच नाहीयेत."

"मग कोर्स सोडून द्या. नाव काढून टाकलंत की लगेच भत्ता सुरू करू."

वाईट बोलला असता तर बरं झालं असतं. तो आपला प्रेमाने सांगत होता! सेंगाने घरी येऊन हे सांगितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे शिकायचं म्हणाल तर उपाशी राहा, आणि पोटाला हवं असेल तर शिक्षणावर पाणी सोडा. माझ्या सलूनमधल्या बायकांनीही तेच लावून धरलं. "सोड बाई. या वयात कशाला ते?" मी त्यांच्या केसांना जरा जास्तच गरम हवा दिली.

सेंगा ठाम राहिली. विद्यार्थी संघटनेतल्या सल्लागार मुलीने तिला फोनवर सांगितलं, की घरच्या माणसाच्या देखभालीसाठी कोर्स थांबवला असेल, ती देखभाल संपली असेल आणि कॉलेज लगेच परत घेत नसेल, तर मधल्या काळात भत्ता मिळतो. नियमच आहे तसा. कोर्स सोडायची काही गरज नाही. सेंगाने पुन्हा अर्ज केला. देखभाल संपलीय का ते बघायला ऑफिसचा माणूस घरी येणार असं ठरलं.

आता आमच्या गावची एक खोड ऐका. सरकारी माणूस घरी येणार म्हटलं की ग्रीनॉकातला धडधाकट माणूसही खोकायला लागतो. जो जास्त वाकतो त्याच्यावर दया जास्त होते, असा आमचा समज. इना मावशीला कोणी काही शिकवलं नव्हतं, तिला शिकवावं लागतच नाही. सेंगा त्या साहेबाला स्वयंपाकघरात चहा देत होती, तेवढ्यात झोपायच्या खोलीतून मावशी बाहेर आली. खालच्या मजल्यावरच्या डूगनकडून मागून आणलेला वॉकर दोन्ही हातांत, केस विस्कटलेले, आणि प्रत्येक पावलाला "आई गं!"

सेंगाच्या हातातली किटली तशीच राहिली. परक्या माणसासमोर जन्मदातीला खोटारडी म्हणायचं कसं? तिने साहेबाच्या कपात आणखी चहा ओतला. साहेबाने अत्यंत सहानुभूतीने मान हलवली आणि निकाल आला: आईला अजून देखभाल लागते, मुलगी कामाला मोकळी नाही, भत्ता नामंजूर.

त्या संध्याकाळी समोरच्या दारातून जे ऐकू आलं ते सगळं इथे लिहिता येणार नाही.

"मला वाटलं, त्याला दया येईल!" मावशी रडत होती.

"बरी झालीस, हेच त्याला दाखवायचं होतं गं आई!"

सेंगाने अपील केलं. पण मावशीने खरं सांगायचं म्हटलं की तिचं सुरू व्हायचं. सरकारला फसवलं म्हणून तुरुंगात टाकतील, शनिवारी क्लबात तोंड कसं दाखवू, असं काय काय. सेंगाने मला बजावलं, "आईला मधे ओढायचं नाही. मी माझं बघेन." घर गरम करणाऱ्या गॅसच्या मीटरमध्ये भरायला पैसे नव्हते, दोघी कोट घालून टीव्हीसमोर बसायच्या. हे अपील फसलं तर कोर्स सोडावाच लागणार, हे सेंगालाही कळत होतं. तोंडाने म्हणाली नाही एवढंच.

सुनावणीच्या दिवशी मी सलूनला कुलूप लावून तिच्याबरोबर गेले. अपील ऐकायचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. न्यायाधीश बाई शांत होत्या, चष्म्याच्या वरून बघायच्या.

"तुम्ही अजूनही विद्यार्थिनी आहात का?" त्यांनी विचारलं.

मी मनात म्हटलं, नाही म्हण गं बाई, आजच्यापुरतं नाही म्हण.

"आहे," सेंगा म्हणाली. "सप्टेंबरात वर्गात जाणार. तोवर मिळेल ते काम करेन. उद्या बस द्या, उद्या चालवते."

"आणि आईची देखभाल? इथे लिहिलंय, वॉकरशिवाय त्या चालू शकत नाहीत."

सेंगा टेबलाकडे बघत राहिली. माझी जीभ वळवळायला लागली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दार उघडलं.

इना मावशी. रविवारचा निळा कोट, लिपस्टिक, उंच टाचेचे बूट. धापा टाकत होती, पण ताठ उभी होती.

"मी इना रेनी," ती म्हणाली. "हिची आई. तो वॉकर माझा नाही, डूगनचा आहे. मी नाटक केलं. शिक्षा करायची तर मला करा, पोरीला काही माहीत नव्हतं."

"आई, घरी जा," सेंगा दबक्या आवाजात म्हणाली.

"तू गप्प बस."

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. "मिसेस रेनी, लिफ्ट बंद आहे. तुम्ही वर कशा आलात?"

"पायांनी," मावशी म्हणाली. "आणखी कशाने येणार? या पोरीने उभे केलेत ते पाय. बघायचेत?" आणि परवानगी मिळायच्या आत तिने खोलीला एक फेरी मारली, कोपऱ्यावर वॉल्ट्झची गिरकीसुद्धा घेतली. कारकुनाला आपली खुर्ची मागे सरकवावी लागली.

न्यायाधीश बाई हसल्या नाहीत, पण ओठ घट्ट धरून बसल्या होत्या. आम्हाला बाहेर बसवलं. चहा गार व्हायच्या आत परत बोलावलं आणि निकाल वाचला. देखभाल संपलेली आहे, ही बाई कामाला मोकळी आहे, अर्ज केल्या दिवसापासून पुन्हा वर्गात बसेपर्यंत भत्ता द्या. कोर्स सोडण्याची गरज नाही. मी अशी काही ओरडले की कारकुनाने मला दाराबाहेर काढलं. काढू दे! मी जिन्यातही ओरडले.

खाली रस्त्यावर आल्यावर सेंगाचा बांध फुटला. एवढी दांडगट बाई, आईच्या कोटात तोंड खुपसून ढसाढसा रडली. "का आलीस तू? सगळ्यांसमोर स्वतःला खोटारडी म्हणवून घेतलंस!"

मावशीने तिच्या पाठीवर धपाटा घातला. "माझ्यापायी तू अख्खं वर्ष सोडलंस ना? मग मी जराशी लाज सोडली तर बिघडलं कुठं? नाक पूस, माझ्या चांगल्या कोटाला लावू नकोस."

सप्टेंबरात सेंगा वर्गात जाऊन बसली, पहिल्या बाकावर.