तळाचं पाणी

आमच्या सेलूच्या कॉलेजात सुमंगलाबाईंना सगळे 'खाणवाल्या मॅडम' म्हणत. हे नाव ठेवणाऱ्यांत मीही होतो, आणि त्यात काही वावगं होतं असं मला अजूनही वाटत नाही. रसायनशास्त्र शिकवणारी बाई दर रविवारी डोक्याला रुमाल बांधून दगडाच्या बंद खाणीवर जाते, दोरीने बाटली खाली सोडते, म्हटल्यावर लोक दुसरं काय म्हणणार?

क्रशर बंद पडल्यावर त्या खाणीत पाणी साचलं होतं. खाण अरुंद आणि भयंकर खोल. वरचं पाणी हिरवं, म्हशींना चालण्याजोगं. तळाचं मात्र कधी वर येत नसे आणि वरचं खाली जात नसे. तळाशी हवा पोचतच नव्हती. तिथल्या पाण्यात लोखंड विरघळलेलं होतं आणि त्या लोखंडावर, मिणमिणत्या उजेडावर जगणारे जंतू होते.

"पृथ्वी नवी होती, हवेत प्राणवायू नव्हता, तेव्हा सगळा समुद्र असाच असणार," बाई स्टाफरूममध्ये सांगत. "तो समुद्र बघायला मागं कुणाला जाता येतं? ही खाण बघता येते."

"मग मासे कधी लागणार, मॅडम?" कुणीतरी विचारायचं. त्याही हसायच्या.

बाईंनी लग्न केलं नाही. घरात त्या आणि वडील, माधवराव. तहसिलीतून निवृत्त झालेले हे अण्णा खाणीवर लेकीची दोरी धरायचे. एकदा ते पाणी त्यांनी जिभेला लावून पाहिलं आणि "रक्तासारखं लागतंय गं" म्हणाले. बाई रागावल्या. मला मात्र म्हातारा फार आवडला.

मागच्या उन्हाळ्यात रस्त्याच्या कामाचा राडारोडा टाकून ती खाण बुजवली. बाईंनी कचेऱ्यांत खेटे घातले. खड्डा बुजला तर बिघडलं काय, एवढं ऐकून परत आल्या. आता तळाच्या पाण्याची एकच बाटली उरली होती, रबरी बूच घट्ट बसवून वरून मेण लावलेली. पुण्याच्या प्रयोगशाळेतला माणूस ती न्यायला येणार होता. हवा लागली की ते जंतू मरतात, लोखंड गंजून खाली बसतं, मग तपासायला काही उरत नाही. तोवर ठेवायची कुठे?

"देवघरात ठेव," अण्णांनीच सुचवलं. "सोवळ्याचं पाणी आहे म्हणून सांगू. कुणाची हात लावायची छाती नाही."

समईचा उजेडही खाणीच्या तळाइतकाच मंद आहे, म्हणून बाई खूश. काशीहून आणलेल्या, तोंडाला डाख देऊन बंद केलेल्या गंगेच्या गडूशेजारी बाटली बसली.

पुण्याचा माणूस यायच्या आदल्या सकाळी अण्णांना घरघर लागली. मी शेजारी, धावत गेलो. सरजाबाई आधीच आल्या होत्या. गल्लीत कुणाचं शेवटचं आलं की त्यांना बोलावणं असतंच. अण्णांचं डोकं लेकीच्या मांडीवर होतं. "गंगा," ते म्हणाले. बाईंना उठता येईना, म्हणून सरजाबाई देवघरात गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या त्या बाटली घेऊन. मेण खरवडलेलं, बूच दुसऱ्या हातात.

"गडू फोडला तर आत ठणठणीत कोरडा हाय, माय. डाख फुटका असंल. पर ही बी देवाजवळचीच हाय की! तुमीच म्हणला व्हता, सोवळ्याचं पाणी हाय म्हणून."

बाईंचा चेहरा मी पाहिला. पाहायला नको होता. त्या ओरडतील असं वाटलं, पण अण्णांचे डोळे उशाशी ठेवलेल्या पळीकडे लागले होते. बाईंनी पळी घेतली, तुळशीचं पान ठेवलं आणि पाणी स्वतःच त्यांच्या तोंडात सोडलं.

"अण्णा, गंगा."

अण्णांनी ते जिभेवर घोळवलं. एकदम त्यांचे डोळे मोठे झाले. ते सरजाबाईंच्या हातातल्या बाटलीकडे बघू लागले. मरणारा माणूस इतका घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"बूच," ते म्हणाले. "सुमे, बूच लाव."

बाईंनी बाटली ओढून घेतली. बूच दाबून बसवलं आणि अण्णांना दिसेल अशी धरली.

"लावलं, अण्णा. वाचलं सगळं."

तेवढं ऐकून ते गेले.

मला सरजाबाईंचा राग आला नाही. बिचाऱ्या दाराशी बसून रडत होत्या, आपण काय केलं हे त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. माझा राग खाण बुजवणाऱ्यांवर आहे आणि तो जाणार नाही.

आम्ही अंगणात तिरडी बांधत होतो. बाटली खिडकीत होती. सकाळी काचेसारखं नितळ असलेलं पाणी विटकरी होत चाललं होतं. बाई तिच्याशेजारी उभ्या होत्या, अंगठा बुचावर गच्च दाबून. "मॅडम, सोडा आता," मी म्हणालो. त्यांनी सोडलं नाही. शेवटी अण्णांना उचलायच्या वेळी, लेकीने त्यांच्या मुखात पाणी घालायचं म्हणून सरजाबाईंनी बाईंचा हात बुचावरून सोडवला.