आमच्या रानात मेंढरं बसली

मे महिन्यातला रविवार. कंपनीला सुट्टी होती म्हणून नवऱ्यासोबत मीही बिडकीनला गेले… कपाशीसाठी खत आणायला.

दुकानात डीएपी नव्हतंच. दुसऱ्या मिश्रखताच्या गोण्या होत्या, पण भाव ऐकून आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. युरिया तेवढा जुन्या भावात होता, पण त्यासोबत फवारणीच्या औषधाची एक बाटली घ्यावीच लागेल म्हणाला दुकानदार… बाटली नको असेल तर युरियाही नाही.

गोणीवर सरकार किती अनुदान देतं ते छापलेलं असतं. मी उभ्या उभ्या ते वाचलं. कच्चा माल बाहेरून येतो, तो महागला, अनुदान तेवढं वाढलं नाही, असं दुकानदारानं समजावून सांगितलं. त्याचंही खरं असेल. पण आमचं रान दोन एकर. दोघंही कंपनीत जातो म्हणून तर घर चालतं.

अनुदानाचं खत घेताना मशीनवर अंगठा द्यावा लागतो, तो न देताच परत निघालो.

गाडीवर मागं बसल्या बसल्या मला माझा धाकटा भाऊ आठवला. लक्ष्मण अजून मेंढरं राखतो, आणि तेव्हा त्याचा कळप पैठणकडं होता. काही रात्री त्याची मेंढरं आपल्या रानात बसवली तर? लेंडीखताची किंमत धनगराच्या लेकीला कुणी सांगावी लागत नाही… नवऱ्यालाही लगेच पटलं.

अडचण एकच होती. आत्याबाई.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्याही तरुणपणी मेंढरांमागं फिरलेल्या. मग सासऱ्यांनी कळप विकून हे रान घेतलं, आणि तेव्हापासून आमच्या दारात साधी शेळीसुद्धा बांधली गेली नाही. त्या दिवसांबद्दल आत्याबाई कधी बोलत नाहीत.

आम्ही विषय काढला तेव्हा त्या डाळ निवडत होत्या. "आपल्या रानात मेंढरं नकोत," एवढंच म्हणाल्या. का, ते सांगितलं नाही. नवऱ्यानं खताच्या भावाचं सगळं शांतपणे समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि तुम्हाला काय करायचं ते करा म्हणून सूप उचलून आत गेल्या.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी लक्ष्मण आला. पुढं मेंढरं, मागं घोड्यावर बिऱ्हाड, आणि त्याची बायको संगीता, कडेवर लेकरू घेऊन. रानाच्या पार टोकाला त्यांनी जाळी लावून मेंढरं कोंडली आणि शेजारी पाल ठोकलं.

आत्याबाई बाहेर आल्या नाहीत. मी भाकरी घेऊन रानात गेले, तेव्हा लक्ष्मणनं विचारलं, त्यांची तब्येत बरी नाही का. थकल्यात जरा, म्हणाले मी. तो समजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते. खिडकीतून दिसलं, संगीता फाटकाबाहेर उभी आहे. हातात रिकामी कळशी, खांद्यावर झोपलेलं लेकरू. सख्ख्या नणंदेचं घर, पण हाकसुद्धा मारली नव्हती तिनं. कुणाचं तरी लक्ष जाईल म्हणून नुसती थांबली होती.

मी हात धुऊन निघणार, एवढ्यात ओट्यावर बसलेल्या आत्याबाई उठल्या. त्या बऱ्याच वेळापासून तिच्याकडं बघत असाव्यात. फाटकाशी गेल्या आणि तिच्या हातातली कळशी काढून घेतली.

"आत ये. अशी दारात उभी नको राहू."

पाय लेंडीनं भरलेत, घर घाण होईल, असं काहीतरी संगीता पुटपुटली.

"होऊ दे. मी पण अशीच उभी राहायची. लई दारांत उभी राहिले."

मग आत्याबाईंनी स्वतः चहा टाकला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलल्या. एका गावात त्यांचा लेक, म्हणजे माझा नवरा, तापानं फणफणलेला होता, तेव्हा अगदी तान्हा. त्यांनी एका दारात प्यायला पाणी मागितलं, तर घरातली बाई म्हणाली, आधी तुमची मेंढरं हाका, मग बघू. मेंढरं हाकून परत येईपर्यंत दार लागलं होतं.

"तवाच ठरवलं, आपलं रान झालं की त्यात मेंढरू नाय," त्या म्हणाल्या. "मेंढरांचा राग नव्हता गं मला. त्या उभं राहण्याचा होता."

त्या दिवशी माझी कंपनीची बस चुकली. पगार कापला गेला असेल… मी बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी बघते तर आत्याबाई रानात. मांडीवर संगीताचं लेकरू, समोर एक लंगडणारी मेंढी, आणि लक्ष्मणशी गप्पा… कुठल्या वाटेनं आलास, त्या ओढ्याला पाणी असतं का अजून. अंधार पडेपर्यंत उठल्या नाहीत.

रोज जाळी पुढं सरकवत सगळं रान बसून झालं. जाताना लक्ष्मण काही घ्यायला तयार होईना, बहिणीच्या रानाचं काय घ्यायचं म्हणून. आत्याबाईंनी बाजरीचं पोतं घोड्यावर चढवायलाच लावलं. बहिणीकडून घेऊ नको, मी देतेय ते घे, म्हणाल्या.

आता कपाशी गुडघ्याच्या वर आली आहे, पानं काळीभोर. थोडा युरिया आम्ही नंतर आणलाच… बाटलीसकट. त्यामुळं खत नको, अनुदान नको, असलं काही मी म्हणणार नाही. प्रत्येकाच्या रानात बसायला मेंढरं कुठून येणार? लहान शेतकऱ्याला वेळेवर, परवडेल असं खत मिळायलाच पाहिजे.

परवा आत्याबाईंनी मला लक्ष्मणला फोन लावायला सांगितला. लेकराची चौकशी केली, मेंढीच्या पायाची केली. मग म्हणाल्या, "पुढल्या साली दुसऱ्या कुणाला शब्द देऊ नको. आधी इकडं यायचं."

लक्ष्मण, संगीता… तुम्ही आत्ता कुठल्या रानात असाल, तिथं रेंज असेल की नाही, माहीत नाही. पण यंदा आमचं रान तुमच्यामुळं हिरवं आहे.